अप्पांची नायब वजिरी

माझे वडील निजामाच्या शेवटच्या सरकारात काही महिने नायब वजीर होते. पुढं मी उमरग्यात पोरींच्या शाळेत शिकवायला लागले. तिथं परगावच्या कुणी वडिलांचं विचारलं तर मी 'वकील होते' एवढंच सांगत असे. ते खोटं नव्हतं. वजिरीच्या आधी सगळं आयुष्य ते वकीलच होते.

मुन्सफाच्या कोर्टात त्यांचं काम उर्दूत चाले, पक्षकारांशी मराठीत, आणि घरात माझ्याशी कानडीत. मला ते 'अव्वा', म्हणजे आई, म्हणत. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळावर विभूती ओढायची, शेरवानीच्या गुंड्या लावायच्या आणि कोर्टाच्या वाटेवर मशिदीमागच्या गल्लीत मास्तरांच्या ओट्यावर चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. मास्तर म्हणजे फारसीचे म्हातारे मास्तर. अप्पा त्यांच्याच हाताखाली शिकले होते. वकील झाल्यावरही ते मास्तरांसमोर मांडी घालून बसत, पाय लांब करत नसत.

माझी आई लवकर गेली होती. माझं लग्न लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात झालं, पण नवरा मुदतीच्या तापानं गेला. सासरे शेतकरी माणूस, बोलायला थोडे. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी स्वतः मला उमरग्याला आणून सोडलं आणि अप्पांना म्हणाले, पोर शहाणी हाय, तिला शिकू द्या, आमच्या घरात तिनं नुसतं जातं वढावं असं मला वाटत न्हाय. तेव्हापासून मी अप्पांकडंच होते. त्यांचं घर बघत होते आणि परीक्षेचा अभ्यास करत होते.

त्या साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही. सोलापूरकडं जाणाऱ्या सडकेवर नाके बसले. खाकी वर्दी घातलेली, बंदुका घेतलेली पोरं ट्रकांतून फिरायला लागली. ती सरकारची नव्हती, पण सरकार त्यांना अडवत नव्हतं. अशात हैद्राबादला नवं वजीरमंडळ होणार असं कानावर आलं. मोठ्या खुर्च्या तिथल्या तिथं भरल्या गेल्या. खालच्या धाकट्या खुर्च्यांवर मात्र निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या भागांतली माणसं बसवायची होती, म्हणजे रयत आमच्यासोबत आहे असं जगाला दाखवता येईल. ज्यांना लोक मानत होते ते पुढारी तुरुंगात होते, नाहीतर सरहद्दीपलीकडं. म्हणून शोध खाली उतरत उतरत तालुक्याच्या वकिलांपर्यंत आला.

धाराशिवहून तालुकदार मोटारीनं आमच्या दारात आले. तालुकदार म्हणजे आताचे कलेक्टर. अप्पांना देऊ केलेल्या हुद्द्याचं नाव लांबलचक उर्दू होतं. गावात संध्याकाळपर्यंत त्याचं 'नायब वजीर' झालं. अप्पांनी विचाराला एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी ते कोर्टात गेले नाहीत, मास्तरांकडंच बसले. परत आल्यावर तिथलं सगळं बोलणं त्यांनी मला सांगितलं. मास्तरांनी सरळ सांगितलं होतं, "त्यांना तुमी नको, तुमच्या कपाळावरची राख पायजे. खुर्ची लहान देतील आणि फोटू मोठा काढतील." अप्पा म्हणाले होते की आत कुणी आपला माणूस असला तर एखाद्या गावावरचा घाला तरी टळेल. बाहेर राहून आपण नुसते बघत बसणार. मास्तरांनी यावर वाद घातला नाही. ते शिष्याला ओळखून होते.

तो दिवस बाजाराचा होता, आणि संध्याकाळी गर्दीत मिसळून माझा मामा आला. तो सोलापूरच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होता. त्याच्या धोतराला सडकेची धूळ होती आणि तो पाणीसुद्धा उभ्यानं प्याला. "दाजी," तो म्हणाला, "तिकडं गेलात तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका." अप्पांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मीही अप्पांना विचारलं, नाही म्हटलं तर काय होईल. ते म्हणाले, काही होणार नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी नेतील, आणि तो दुसरा कसा असेल कुणास ठाऊक.

आठवड्याभरात आम्ही हैद्राबादला गेलो. अप्पांना बंगला मिळाला, झेंड्याची मोटार मिळाली, दारावर उर्दूत नावाची पाटी लागली. शपथेच्या दिवशी ते दस्तार, म्हणजे दरबारी पगडी, बांधून गेले. आल्यावर मी त्यांना ओवाळलं आणि गव्हाची गोड हुग्गी केली. त्या दिवशी ते खुशीत होते हे मला स्पष्ट आठवतं. आपल्या खात्याचं नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं. गावसुधारणा.

पहिल्या महिन्यातच त्यांचा चेहरा उतरायला लागला. कचेरीत त्यांची खोली मोठी होती, पंखा होता, घंटी होती, घंटी वाजवली की शिपाई यायचा. फक्त काम यायचं नाही. खात्याचे कागद सचिवाकडून थोरल्या वजीरसाहेबांकडं जात आणि तिथूनच परत फिरत. अप्पांच्या दारावरून ते नेले जात, पण आत येत नसत. विचारलं तर सचिव अदबीनं म्हणे की हुजूर, आपल्याला उगीच तसदी कशाला.

मग त्यांनी स्वतःच काम काढलं. भूमकडच्या कोरड्या मुलखात लोक पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरत. त्यातून नारू होई आणि पायातून दोऱ्यासारखा जंत निघेपर्यंत माणूस झोपून राही. पायऱ्या बुजवून रहाट बसवले तर नारू हटेल, असा एक मसुदा त्यांनी आपल्या हातानं लिहिला. दोन आठवडे ते त्यावर खपत होते. वजीरसाहेबांनी तो वाचला आणि त्यांच्या उर्दूची फार तारीफ केली. मसुदा पुढं कुठं गेला ते अप्पांना कधी कळलं नाही.

काम एकच नेमानं यायचं. बाहेरदेशचे पत्रकार आले की अप्पांना बोलावणं येई. त्यांनी पुढच्या रांगेत बसायचं, फोटो निघायचे. एकदा घरी आल्या आल्या ते मोरीत गेले आणि खसाखसा तोंड धुतलं. मी टॉवेल घेऊन गेले. वजीरसाहेबांच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की आपली विभूती फोटोत दिसत नाही, उद्यापासून जरा ठळक लावा. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजच्यासारखीच लावली, पण लावताना त्यांची बोटं कपाळावर बराच वेळ थांबली होती.

उन्हाळा लागला तेव्हा माझे सासरे आले. कुठं चालत, कुठं मोटारीच्या टपावर बसून ते हैद्राबादेपर्यंत पोचले होते. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, त्याला जळकट वास येत होता. खुर्ची दिली तरी ते व्हरांड्यात फरशीवरच टेकले. गावात वर्दीवाले आले होते. कडब्याच्या गंजी पेटवल्या, दोघांना मारलं, बायका-पोरं ओढ्यात लपून वाचली. पुन्हा येतो असं सांगून गेले होते. हे सगळं सासऱ्यांनी पेरणीचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. मग ते अप्पांना म्हणाले, "पाव्हणं, तुमी आता सरकार हाव. आमाला चार शिपाई द्या."

दुसऱ्या दिवशी अप्पा त्यांना झेंड्याच्या मोटारीत बसवून वजीरसाहेबांकडं घेऊन गेले. सासऱ्यांना बाहेर बसवलं आणि चहा दिला. आत अप्पांना सांगण्यात आलं की जिल्ह्यातून अहवाल आलाच आहे. गंजीला बिडीची ठिणगी लागली, बाकी काही नाही. अप्पा म्हणाले, माणूस बाहेर बसलाय, त्याचा हात बघा. वजीरसाहेबांनी हात बघितला नाही, पण ते चिडलेही नाहीत. शिपाई देता येतील, म्हणाले. मात्र सरकारचंही एक छोटं काम आहे. एक निवेदन तयार आहे, त्याच जिल्ह्यातल्या माणसाची त्यावर सही असली तर बरं.

ते निवेदन अप्पा घरी घेऊन आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी ते मला आणि सासऱ्यांना मराठीत सांगितलं. आमच्या जिल्ह्यात सर्व रयत सुखानं राहते, जाळपोळीच्या बातम्या सरहद्दीपलीकडून पसरवल्या जातात, असं त्यात होतं.

"ह्यावर मी सही केली तर शिपाई मिळतील," अप्पा म्हणाले. "पण हे खोटं आहे, पाव्हणं. तुमचा हात जळलेला असताना मी हे कसं लिहू?"

सासऱ्यांनी हाताकडं बघितलं. "कागदावर काय बी लिहू द्या," ते म्हणाले. "शिपाई येत्यात का, येवढं सांगा."

अप्पांनी सही केली. मी सासऱ्यांना वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. निघताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले, पण फडक्याचा हात बघून मागं घेतला आणि डावा ठेवला.

शिपाई खरंच आले. सासऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यासोबत निरोप धाडला की जमादार चांगला आहे, आम्ही शेतात जातो. तो निरोप ऐकून अप्पा त्या रात्री पोटभर जेवले. पण तोवर निवेदन छापून आलं होतं, अप्पांच्या फोटोसकट. रेडिओवर वाचून दाखवलं गेलं. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात लोक ते ऐकतच असणार. मामाकडून मात्र काहीच कळलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला सरहद्दीवर चकमकी वाढल्या आणि खेड्यापाड्यांतले शिपाई काढून नाक्यांवर नेले. अप्पांना कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. कळलं ते मास्तर आले तेव्हा. सत्तरी ओलांडलेला माणूस एकटा मोटारीनं हैद्राबादला आला होता. त्यांना बघून अप्पा आनंदानं पुढं झाले आणि मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. मी दारात उभी होते. मास्तरांनी मला आधी बसायला लावलं आणि मग सांगितलं. शिपाई गेल्यावर वर्दीवाले पुन्हा आले होते. या खेपेला अर्धं गाव जळालं. सासरे गोठ्यातली जनावरं सोडायला गेले, त्यांना तिथंच गोळी घातली. सासू वाचली होती.

अप्पा उठले. आत जाऊन त्यांनी राजीनामा लिहिला, मास्तरांना वाचून दाखवला आणि त्याच पावली मोटारीनं निघाले. तासाभरात परत आले. वजीरसाहेबांनी राजीनामा हातात घेतला होता, पण मंजूर करत नाही म्हणाले. या दिवसांत एक जरी माणूस निघाला तर लोक काय म्हणतील? शिवाय रस्ते खराब आहेत, आपण शहराबाहेर न गेलेलं बरं. हे बोलणं काळजीचं होतं की धमकीचं, यावर अप्पा आणि मास्तर बराच वेळ बोलत राहिले. संध्याकाळी बंगल्याच्या फाटकावर दोन पहारेकरी येऊन उभे राहिले तेव्हा ते बोलणं थांबलं.

मास्तर चार दिवस राहिले. त्यांना कुणी अडवत नव्हतं. त्यांच्या बीबी उमरग्यात एकट्या होत्या, म्हणून ते निघाले. अप्पा त्यांना परोपरीनं सांगत होते की दिवस वाईट आहेत, बीबींना इकडं बोलवून घ्या, हे सगळं उलटलं तर काय होईल सांगता येत नाही. मास्तर हसले. "माझ्या गावात मला कोण काय करील?" ते म्हणाले. "अर्ध्या उमरग्याला मी अलिफ-बे शिकिवलंय."

त्यानंतर अप्पा कचेरीत गेले नाहीत. मोटार मात्र रोज सकाळी येई, फाटकाशी उभी राही आणि काही वेळानं निघून जाई. ते आत कोच ओढून भिंतीकडं तोंड करून बसत. मी जेवायला वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर मागत नसत. मी माझ्या सासऱ्यांसाठी रडले ती एकटीच, न्हाणीघरात. अप्पांसमोर रडले असते तर त्यांना वाटलं असतं की मी त्यांना काही म्हणते आहे.

मग हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. अप्पांना चौकशीला नेलं, दोन-तीन आठवड्यांनी सोडलं. त्यांच्याविरुद्ध काही निघालं नाही, कारण त्यांच्या हातून काही झालंच नव्हतं. असं तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना तोंडावर सांगितलं. सुटका झाल्याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "अव्वा, हे त्या माणसानं अगदी बरोबर सांगितलं."

उमरग्याला आम्ही पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. अप्पा घरात न जाता थेट मशिदीमागच्या गल्लीत गेले. मी मागोमाग गेले. गल्लीत एकही छप्पर शाबूत नव्हतं. मास्तरांच्या ओट्यावर कुत्री बसली होती. पलीकडच्या दर्ग्याच्या आवारात बायका आणि पोरं होती, त्यांत मास्तरांच्या बीबी सापडल्या. फौज पुढं गेल्यावर दोन दिवसांनी माणसं आली होती, त्यांनी गल्लीतले सगळे पुरुष बाहेर काढून ओढ्याकडं नेले. त्यांतलं कुणी परतलं नाही.

"ते आमाला सांगत होते," बीबी म्हणाल्या, "घाबरू नका, वकीलसाब आले की आपल्यासाठी बोलतील."

अप्पा तिथून उठले आणि नव्या अधिकाऱ्याकडं गेले. मास्तरांचा शोध घ्या, निदान प्रेतं दफन करू द्या, एवढंच त्यांना मागायचं होतं. अधिकारी परमुलखातला तरुण होता. त्यानं नाव ऐकलं आणि विचारलं, ते निवेदनवाले वजीर तुम्हीच ना? अप्पा हो म्हणाले. मग त्यानं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, आणि कचेरी बंद होईपर्यंत ते थांबले. दुसऱ्या दिवशीही थांबले. आमच्या ओळखीची माणसं कचेरीत ये-जा करत होती. अप्पांकडं कुणी बघितलं नाही. त्यांनी मग घरोघर जाऊन विचारलं, मास्तरांना कुणी नेलं, तुम्ही बघितलं का. ज्यांचे खटले त्यांनी चालवले होते, ज्यांना मास्तरांनी लिहायला शिकवलं होतं, अशी माणसं. प्रत्येक जण म्हणाला की मी त्या दिवशी गावात नव्हतो.

मामा गळ्यात हार घालून परत आला होता. तालुक्याच्या नव्या कमिटीत त्याला जागा मिळाली. तो आमच्या घरी एकदाच आला, मला बघायला म्हणून. अप्पांनी त्याच्याजवळ दुसरं काही काढलं नाही, मास्तरांचंच विचारलं. आता तू आत आहेस, तू चौकशी लाव, म्हणाले.

मामाचा चेहरा लाल झाला. "दाजी, तुमच्या सहीनं किती गेले ते आधी बघा," तो म्हणाला, "मग दुसऱ्याला विचारा."

अप्पांनी मान खाली घातली. मला मामाला सांगायचं होतं की ती सही माझ्या सासऱ्यांनी मागितली होती, तिच्यामुळं निदान काही दिवस एक गाव शेतात जाऊ शकलं. पण गाव जळालं होतं आणि सासरे मेले होते, त्यामुळं ते सांगून काय सिद्ध होणार होतं? मामा चहा न घेताच गेला. चौकशी कधी लागली नाही. मामाला ती लावायची नव्हती की त्याच्याही हातात काही नव्हतं, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही.

हिवाळ्यात मी सासरी जाऊन आले. सासूनं मला पाणी दिलं, जवळ बसवलं. पत्र्याच्या आडोशाला तिनं चूल मांडली होती. जाताना तिनं एकच विचारलं, ते शिपाई का काढून नेले ग? मी म्हटलं, कुणी सांगितलं नाही. तिनं मान हलवली.

बीबींना त्यांच्या भाच्यानं गुलबर्ग्याला नेलं. अप्पा मोटार-स्टँडवर त्यांचं गाठोडं घेऊन गेले. बीबींनी त्यांना दुवा दिली, आणि ती ऐकून अप्पा मोटार सुटायची वाट न बघता निघून आले.

पक्षकार पुन्हा आले नाहीत. काही दिवस अप्पा कोर्टात जाऊन नुसते बाकावर बसून येत, मग तेही सोडलं. कोर्टाची भाषा बदलली होती आणि त्यांची उर्दू आता कुणाला नको होती. मला शाळेत नोकरी लागली, त्यावर घर चाललं. पुन्हा लग्नाचं एक-दोघांनी काढलं होतं, पण मुलीचे वडील कोण हे कळल्यावर पुढं सरकलं नाही. मला त्याचं फार वाटलं नाही. अप्पांना मात्र वाटलं.

शेवटच्या आजारात ते फक्त कानडीत बोलत. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. त्यांनी विचारलं, "अव्वा, मी हैद्राबादला गेलोच नसतो तर?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "तरीही हेच झालं असतं, अप्पा. तुमच्यानं काही फरक पडला नाही."

"मग मी गेलो कशाला?" ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

ते गेले तेव्हा त्यांना बसवून पुरायचं होतं, आम्हा लिंगायतांत तशी रीत आहे. खड्डा खणायला माणसं मिळाली, पण खांदा द्यायला चौघं जमेपर्यंत ऊन पार चढलं.